सौंसरमध्ये लपलेले दोघे

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी खिशातल्या मोबाइलकडे जातो आणि मग कपाळाकडे. पोलीस खात्यात आयुष्य गेलं. बरेच चोर मी पकडले, बरेच माझ्यासमोर चहा पिऊन निघून गेले. पण तपासात पुढे आलेल्या दोन संशयितांपैकी एक मीच निघावा, हा मान मला फक्त सौंसर ठाण्याने दिला.

निवृत्ती जवळ आली होती. घर पांढुर्ण्याला, म्हणून शेवटची नेमणूक सौंसरला मागून घेतली. पांढुर्णा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या बदलल्या होत्या, पण सायबरचं काही निघालं की आम्ही जुन्या सवयीने छिंदवाड्यालाच फोन लावायचो. हा भाग मध्य प्रदेशात, म्हणून आमचं खातं हिंदीत चालतं. म्हणजे फिर्यादी मराठीत रडतो, मुन्शी हिंदीत लिहितो, आणि दोघांचा मेळ ठाणेदाराने, म्हणजे मी, घालायचा.

एका सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे एक गृहस्थ आले. गावातल्या निम्म्या नळांना यांच्या हाताने पाणी सुटायचं. साधा, हसरा माणूस. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला.

"जयभीम साहेब. माया पोरीचं लगन मोडून राहिले."

"कोण?"

"तेच तं तुमाले शोधाचं हाय."

मुलगी खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मुलगा काटोलकडचा, नागपुरात नोकरीला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. त्यानंतर मुलाच्या घरच्यांना एक निनावी ईमेल आला. त्याची छापील प्रत त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मजकूर एवढाच: मुलगी चांगली आहे, पण तिच्या घरी सिकलसेल आहे, तिचा लहान भाऊ त्यानेच गेला. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचंही रक्त तपासून घ्या. खाली 'एक हितचिंतक'.

आमच्या भागात सिकलसेल सगळ्यांना ठाऊक असतो, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला 'वाहक' म्हणतात. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजाराची भीती चारात एक. हा आजार जात-समाज काही पाहत नाही. सरकारी शिबिरं होतात, लोक रक्त देतात, आणि निकाल लग्नाच्या बोलण्यांत कोणी काढत नाही.

"पोराचे वडील म्हणते, रविवारी येऊन काय ते सांगतो. त्यायच्या आवाजावरून समजत नाई का मले काय सांगणार हाय ते?"

"घरी आजार आहे का?" मी विचारलं.

"नाई ना जी. पोरगा काविळीनं गेला माया." हे बोलताना ते खिडकीबाहेर पाहत होते. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचल्याचा मला अभिमान होता. मी लगेच ठरवलं, माणूस खरं बोलतो आहे.

गुन्हा नोंदवला नाही, अर्ज जांचमध्ये, म्हणजे चौकशीत, ठेवला आणि स्वतःच मैदानात उतरलो. माझा अनुभव असा की सोयरीक मोडणारा माणूस लांबचा नसतो. त्याला घरातलं माहीत असतं, आणि कुठेतरी त्याचं स्वतःचं काहीतरी राहून गेलेलं असतं. हे सगळं बसेल असा माणूस मला दुपारपर्यंत सापडला. मुलीचा आतेभाऊ. मोहगावला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मामाच्या मुलीवर आमच्याकडे आतेभावाचा पहिला हक्क समजतात, आणि यांचं काही जमलं नव्हतं. वर कॉम्प्युटरही येतो. मुन्शींना मी म्हटलंसुद्धा, "संध्याकाळपर्यंत कबूल होईल."

त्याला समोर बसवला. थोडा वेळ बोललोच नाही. शांतता माणसाला बोलतं करते.

त्यानेही मला शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, लाइट गेली का? पंखा बंद हाय."

"मामाच्या मुलीशी लग्न करायचं होतं ना तुला?"

"मले?" तो खुर्चीत मागे सरकला. "मायला साहेब, मीच नाई म्हटलं होतं! ते मास्तरीण, मी बारावी नापास. रोज जेवताना तोंडी परीक्षा घेतली असती तिनं माई."

"आणि हा मेल?"

त्याने तो वाचला. त्याचा चेहरा गंभीर झाला. "कोणी टाकला असन ते टाको, पण वाईट नाई लिहिलं यात काई." मग उठता उठता म्हणाला, "आत्याच्या हातचं जेवलेलं हाय त्या घरी मी, म्हणजे मामीच्या. असं काऊन करीन?"

गोंधळात त्याने नातं चुकवलं होतं, पण खोटं बोलणारा माणूस एवढा ढिसाळ नसतो. सोडून दिला. मुन्शींनी संध्याकाळ झाल्याची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मेल मी छिंदवाड्याच्या सायबर सेलकडे पाठवला होता; तिथल्या मॅडमचा फोन आला. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पदाने उपनिरीक्षक. "सर, मेलचा पत्ता हॉलंडचा निघतो."

मी फोन ठेवून सगळ्या ठाण्याला विचारलं, "आपल्या भागातलं हॉलंडात कोण आहे?"

मुन्शी विचार करून म्हणाले, "साहेब, रामाकोन्याचा एक जण बाहेरदेशी हाय. दुबईले."

"दुबई हॉलंडच्या जवळ पडतं का?" हा प्रश्न मी विचारला. हो, मीच. एक आरक्षक, म्हणजे शिपाई, मोबाइलवर नकाशा काढूनही बसला होता. शेवटी मॅडमनाच परत फोन लावला. त्या हसल्या नाहीत, निदान फोनवर तरी नाही.

"सर, पाठवणारा तुमच्या ठाण्याच्या मागच्या गल्लीतही असू शकतो. एक खास ब्राउझर असतो. तो तुमची लाइन दोन-तीन देशांतून फिरवतो, त्यामुळे समोरच्याला शेवटच्या देशाचाच पत्ता दिसतो."

"म्हणजे सापडणार नाही?"

"पुढून नाही. पण मागून थोडं दिसतं. इंटरनेट देणाऱ्याला आत काय चाललं ते दिसत नाही, पण कोणी अशा साधनाशी लाइन जोडली होती, हे बहुधा दिसतं. तिकडे विचारा."

गावात घरोघरी इंटरनेटची तार देणारा एकच मोठा व्यापारी. पूर्वी केबल टीव्ही द्यायचा. सगळे त्याला सेठ म्हणायचे. ठाण्याच्या इमारतीला आणि मागच्या सरकारी क्वार्टरांनाही त्याचीच तार. लेखी नोटीस दिली. त्याने आपल्या नागपूरच्या इंजिनिअरकडून माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी आला. आत येऊन उभाच राहिला.

"साहेब, जरा बाहेर येता का?"

"इथेच सांग."

"नाई, म्हणजे... खाजगीत."

"अरे, इथे सगळे आपलेच आहेत. मोठ्याने सांग!"

नोकरीत मी अनेक चुकीचे हुकूम दिले, पण इतक्या खड्या आवाजात एकही नाही.

सेठने घसा साफ केला. "मेल गेला तवा साऱ्या गावात माया दोनच लाइना अशा साधनावर होत्या. एक त्या पाणीवाल्या भाऊच्या घरी."

"फिर्यादीच्याच घरी?" मी चक्रावलो. "आणि दुसरी?"

"तुमच्या क्वार्टरात."

मुन्शींचा पेन थांबला. एका आरक्षकाला अचानक खोकला आला आणि तो बाहेर गेला. बाहेर गेल्यावर तो खोकत नव्हता.

झालं होतं असं. माझ्या बॅचच्या एका मित्राने ग्रुपवर टाकलं होतं की अमुक व्हीपीएन ऍप घ्या, तुम्ही काय पाहता ते इंटरनेटवाल्यालासुद्धा कळत नाही. मी ते मोठ्या विश्वासाने घेतलं होतं. त्यावर काय पाहत होतो, हे आता सांगायला हरकत नाही. मूळव्याधीवरचे घरगुती उपाय. वर्दीतल्या माणसाला असलं काही होतं हे हाताखालच्यांना कळू नये, अशी माझी समजूत. खुर्चीवर एक गोल उशी असायची, ती कमरेसाठी आहे असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"तुला काय काय दिसतं रे?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"आतलं काईच नाई साहेब, देवाशपथ. तुमी काय पाहाता, काय लिहिता, काई नाई. इतकंच दिसते का तुमची लाइन त्या ऍपवाल्याच्या मशीनले जुळली, कवा जुळली अन् किती माल आला-गेला." मग दिलासा द्यावा तसा म्हणाला, "तुमचं तं दिवसभर चालूच रायते. लय माल येते तुमच्याकडे."

तेव्हा माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. संत्र्याच्या हंगामात मी नाक्यावर उभा राहिलेला माणूस. गाड्यांमागून गाड्या जातात, संत्री उघडी दिसतात, शिपाई हात हलवून सोडून देतो. एखादी गाडी मात्र ताडपत्री घट्ट आवळून येते. आत काय आहे ते शिपायाला दिसत नाही, पण गाडी दिसते, नंबर दिसतो, ओझं किती ते चाकांवरून कळतं. आणि ती एकटीच तशी असते, म्हणून तीच लक्षात राहते. मोठ्या शहरात अशा गाड्या भरपूर असतील, कोणी कोणाकडे पाहत नसेल. आमच्या नाक्यावर दोनच होत्या. एक माझी.

मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "सर, त्या घरून लाइन जुळली होती, एवढंच यातून सिद्ध होतं. मेल त्यांनीच टाकला असं म्हणता येणार नाही." वर म्हणाल्या, "नाहीतर मग तुमच्या क्वार्टरचंही उत्तर द्यावं लागेल."

रविवार जवळ येत होता आणि मी पुरता गोंधळलो होतो. बाप स्वतःच्या घराविरुद्ध तक्रार कशाला करील? त्या घरात माणसं तीन. वडिलांना मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे काही येत नव्हतं. आईचंही तेच. उरली मुलगी. पण स्वतःचं लग्न कोण मोडतं? मग मी खात्यातलं सगळ्यात जुनं उत्तर काढलं: हिचं दुसरीकडे कुठेतरी प्रेम आहे.

वडील ड्युटीवर असताना महिला आरक्षकाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. आई चहा करायला आत गेली. मुलगी समोर बसली. शांत, नजर सरळ. मी सुरुवात केली, "बेटा, हे असं लपून इंटरनेट वापरणं..."

"तुमीबी वापरता म्हणते, सर."

"कोण म्हणतं?"

"सेठच्या घरच्या बाई आमच्याच शाळेत हाय ना."

महिला आरक्षक भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

"माझं कारण वेगळं आहे," मी म्हणालो.

"मायंबी वेगळंच असन."

चौकशीत समोरच्याला आपल्याबद्दल काही कळू द्यायचं नसतं. इथे ते सगळं आधीच शाळेच्या स्टाफरूमपर्यंत पोचलं होतं. मी घरून प्रश्न ठरवून आणले होते, त्यातला एकही आठवेना. आणि डोकं रिकामं झालं की माणूस खरं बोलतो, या नियमाने मीच बोलून गेलो, "मला मूळव्याध आहे. त्याचे उपाय पाहत होतो."

ती हसली. अगदी मनापासून, तोंडावर हात ठेवून. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे दोघंबी आजारच लपवून राहिलो होतो, सर."

पुढचं ती हळू आवाजात बोलली, स्वयंपाकघराकडे कान ठेवून. "माया भाऊ काविळीनं नाई गेला. हातपाय दुखते म्हणून रडे तो. मी मांडीवर घेऊन पाय दाबत बसो. रक्त चढवाले नेत होते त्याले. कॉलेजात तपासणी झाली, तवा मी वाहक निघाली. बाबाले सांगितलं तं म्हणे, तोंडातून काढू नोको, कोणी करणार नाई तुले."

"मग मुलालाच सरळ सांगायचं."

"मी सांगतलं तं त्यायच्या घरचे म्हणन पोरीत खोट हाय. अन् बाबा म्हणन, पोरीनंच माई मान खाली घातली. मले लगन मोडाचं नाई सर." तिने स्वयंपाकघराकडे पुन्हा एकदा पाहिलं. "पोरगा चांगला हाय. मले आवडते. त्याचं रक्त साफ असन तं काईच भेव नाई. पण तोबी वाहक असन तं? ते दुखणं मले पुन्हा मांडीवर नाई घ्याचं. मेलमधी दोघायचं लिहिलं होतं मी. त्यायनं फक्त मायंच वाचलं."

"आणि हे लपायचं साधन?"

"वाटलं, यानं कोणालेच दिसणार नाई. काय दिसलं तं हेच, का कोणीतरी लपून राहिलं."

आईने चहा आणला. आम्ही तो हवापाण्यावर बोलत प्यालो. निघताना ती एवढंच म्हणाली, "बाबाले सांगू नोका."

ठाण्यात येऊन मी कायद्याची पुस्तकं उघडून बसलो. पीडित मुलगी, आरोपी मुलगी, फिर्यादी तिचा बाप आणि दुसरा संशयित तपास अधिकारी. गुन्हा कुठेच बसेना. तिने स्वतःबद्दलच लिहिलं होतं आणि तेही खरं.

रविवारी मुलाकडचे आले. 'वर्दीत या, म्हणजे मेल खोटा होता हे त्यायले पटन' असा वडिलांचा आग्रह. गेलो. सगळे गादीवर बसलेले, पोह्यांना कोणी हात लावला नव्हता. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय सापडलं साहेब?"

"मेलचा पत्ता हॉलंडचा निघतो," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"हॉलंडात आमाले कोण ओळखते?"

"ते सोडा. मेल खरा की खोटा, हे पाहायचा उपाय त्या मेलमध्येच लिहिला आहे. दोघांचं रक्त तपासा."

"आमच्या पोराले कायले?" मुलाची आई उसळली. "तो तं पहेलवान हाय!"

मुलीच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. "साहेब, तुमी कोणाकडून हाय?"

खरं सांगायचं तर मलाही ते धड माहीत नव्हतं. दाराआड उभ्या मुलीचा फक्त ओढणीचा काठ दिसत होता, तो हलत नव्हता. मी म्हणालो, "वाहक कोणीही असू शकतो. मी असेन, तुम्ही असाल. उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात मी आधी रक्त देतो. ज्यांना यायचं त्यांनी या."

मग मुलगा, जो आतापर्यंत खाली पाहत बसला होता, म्हणाला, "मी येतो." आईकडे न पाहता पुन्हा म्हणाला, "मेलात दोघायचं लिहिलं हाय. मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

सोमवारी दवाखान्यात मी सुईकडे न पाहता हात पुढे केला. हत्यारबंद माणसांसमोर उभा राहिलो आहे, पण सुई मला चालत नाही. माझ्यामागे मुलगा, मग मुलगी, मग मुन्शी. मुन्शींना कोणी बोलावलं नव्हतं. पक्का अहवाल नागपूरहून यायचा होता, तो यायला काही दिवस गेले. माझं रक्त निर्दोष निघालं. बाकीची तक्रार कायम.

मुलगा वाहक निघाला.

ते दोघं दवाखान्याबाहेर मोटारसायकलींच्या रांगेपाशी बराच वेळ बोलत उभे होते. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि सेठच्या यंत्रालाही माहीत नाही. लग्न होणार नाही असं दोघांनी मिळून आपापल्या घरी सांगितलं. डॉक्टरांनी गर्भाची तपासणी वगैरे दुसरे मार्गही समजावले होते, पण तिने भावाचं सांगितलं आणि मुलालाही ते पटलं, एवढंच नंतर कळलं. त्याच्या आईने जाताना मुलीला जवळ घेतलं आणि मग ती गाडीत बसली.

आठवड्याने मुलीचे वडील अर्ज मागे घ्यायला आले. सही करून झाली तरी उठेनात.

"पोरगा काविळीनं नाई गेला साहेब," ते म्हणाले. या वेळी माझ्याकडे पाहून.

"माहीत आहे, भाऊ."

"तो मेलवाला कोण होता कोण जाणे. मी तं त्याले आत टाकाले निघालो होतो. कवा सापडला तं माया जयभीम सांगजा त्याले."

त्या प्रकरणावर मी शेवटी लिहिलं: प्रेषक अज्ञात. अर्जदार कारवाई इच्छित नाही. वरिष्ठांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं: इंटरनेटवाल्याला जेवढं दिसलं, तेवढंच मी लिहिलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कोणी विचारलं की माझा अजून गोंधळ होतो. एवढं नक्की कळलं की पडदा लावला म्हणजे माणूस दिसेनासा होत नाही, पडदा दिसतो. आणि पडदा दिसला की आम्ही पोलीस त्यामागे गुन्हाच आहे असं धरून चालतो. आयुष्यभर तसंच धरून चाललो, बहुतेक वेळा बरोबरही निघालो. त्या वेळी पडद्यामागे एक भेदरलेली मुलगी होती आणि उशीवर बसलेला ठाणेदार. प्रकरण मी उलगडलं की तिने माझ्याकडून उलगडून घेतलं, हे मला सांगता येत नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी ती सौंसरच्या बसस्टँडवर भेटली. नागपूरच्या बसची वाट पाहत होती, कसल्याशा परीक्षेला निघाली होती. मी मुद्दाम थांबलो.

"बेटा, तुझ्या बाबांचा एक निरोप माझ्याकडे पडून आहे. त्या हॉलंडवाल्याला जयभीम सांगा म्हणाले होते. मला काही त्याचा पत्ता लागत नाही."

मग तिने बॅग खांद्यावर घेतली. बस आली होती.

"द्या मायाजवळ, सर," ती म्हणाली. "मी पोचवून देतो." आणि पायरीवर चढता चढता हसू दाबायला तिने तोंडावर हात ठेवला.